चाळीस हजारांची प्लेट

मोटार गिअरची घ्यावी की ऑटोमॅटिक, याचा सल्ला मागायला लोक शोरूममध्ये जातात. मी नायगावात नरसीकडच्या रस्त्यावर एका गॅरेजात जाऊन बसलो. त्याला कारण तिथला वास. क्लच प्लेट जळाल्याचा तो करपट दर्प एकदा नाकात बसला की घरी जाऊन अंघोळ केली तरी हटत नाही.

जॅकवर एक डिझेलची डिझायर होती. मिस्त्रींनी बॅटरी सोडली, ऑईल काढलं, एक्सल ओढले आणि पोराच्या मदतीने गिअर बॉक्स खाली घेतला. प्रेशर प्लेट निळी पडलेली, क्लच प्लेटचं अस्तर रिवेटपर्यंत घासलेलं. वास दुप्पट झाला.

"चाळीस हजार किलोमीटरात!" मिस्त्री म्हणाले. "लाखभर जायला पाहिजे होती बगा."

गळीत हंगामात कुंटूरच्या कारखान्याकडं उसाच्या जोडट्रॉल्या निघतात. त्यांच्या मागे गाडी हाफ क्लचवर रांगते. प्लेट फ्लायव्हीलवर धड बसत नाही, घसरते, तापते. इंजिनाचा काही दोष नाही. सगळी करणी डाव्या पायाची.

मग ऑटोमॅटिकच बरी की! पण कोणती? 2014 साली सेलेरिओबरोबर आली ती एएमटी. तिच्यात पेडल नाही, क्लच प्लेट मात्र आहेच. पायाचं काम यंत्र करतं, एवढाच फरक. विकताना तिलाही बिनदिक्कत ऑटोमॅटिक म्हणतात. जुन्या वळणाच्या ऑटोमॅटिकची गोष्ट वेगळी. एर्टिगात मिळते ती तशी. तिच्यात इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलात समोरासमोर दोन पंखे; एक तेल फेकतो, त्या माऱ्याने दुसरा फिरतो. ट्रॉलीमागे रांगताना जी घसरण व्हायची ती तेलात होते.

"अन् बॅटरी बसली मंजे? धक्का मारून चालू होते का ती?"

नाही होत. पुढची चाकं जमिनीवर ठेवून लांबवर टोचनही करता येत नाही: इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आतले भाग कोरडेच फिरणार. "ती पेटी मी उघडतच नाही. नांदेडला न्या म्हणतो."

मिस्त्रींचं ऐकावं, पण त्यांची चूल अशा प्लेटांवरच पेटते हेही ध्यानात ठेवावं. बॅटरी कधीतरी बसते. हंगामात ट्रॉली रोज आडवी असते. गुडघे कुरकुरणाऱ्याने चार पैसे जास्त मोजून तेलवालीच घ्यावी, असं माझं मत झालं.

मालक आले, निवृत्त गुरुजी. त्यांना गाडी बदलायचीच नव्हती. एप्रिल 2020 पासून मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या, आता अशी नवी मिळणार कुठून? चाळीस हजार हा आकडा ऐकून त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं. मुलाने गुरुजींकडे.

बिल देऊन गुरुजी स्वतःच स्टीअरिंगवर बसले. गाडी रस्त्याला लागते न लागते तोच पुढे ट्रॉली.

"क्लचवरचा पाय काढा, गुरुजी!" मिस्त्री ओरडले.