नव्वद टक्के भरवशाची जोडी

भाईंदर स्थानकावर तुम्ही मित्राच्या दहा मिनिटे आधी पोहोचलात, पण दोघांनाही चर्चगेटची एकच लोकल मिळाली, तर तुमची आघाडी कुठे गेली? ‘द अमेझिंग रेस’ या दूरचित्रवाणीवरील जगप्रवासाच्या शर्यतीतही असेच घडते. पुढची जोडी विमानाची वाट पाहत थांबते आणि मागची तिला गाठते. तरीही चाहते ‘हीच जोडी जिंकणार’ असे छातीठोकपणे सांगतात.

आता गणित पाहू. २००१ सालच्या पहिल्या शर्यतीत ११ जोड्या होत्या. अखेरच्या टप्प्यात तीन उरल्या. म्हणजे आठ जोड्या बाद झाल्या. समजा, प्रत्येक बादफेरीत तुमच्या आवडत्या जोडीची टिकण्याची शक्यता ९० टक्के आहे. मग आठही फेऱ्या पार करण्याची शक्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ४३ टक्के. निम्म्याहूनही कमी!

करून पाहा : नऊ चिठ्ठ्यांवर ‘पुढे’ आणि एकीवर ‘बाद’ लिहा. चिठ्ठी दर वेळी परत टाकून आठदा उचला. वर्गातील प्रत्येकाने हे केले, तर किती जण शेवटपर्यंत टिकतात?

आवडती जोडी हरली, म्हणून चाहत्याचा अंदाज चुकलाच असे नाही. चुकते ती त्याची खात्री.