काळ्या बोळाचा आफ्रिकी आप्त : ॲलो सेकंडिफ्लोरा

रजःप्रवर्तिनी वटीसाठी कासीस, टंकण व हिंग यांच्या जोडीला आपण कन्यासार घेतो. बाजारात तो काळा बोळ किंवा एलुवा या नावाने मिळतो. खडा कडू आहे, तोडल्यावर चकाकतो, एवढी पारख करून आपण समाधान मानतो. परंतु तो कोणत्या वनस्पतीचा रस आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी पूर्व आफ्रिकेतील कोरफडीच्या एका आप्त वनस्पतीचा परिचय येथे करून देत आहोत.

स्वरूप व प्रकार

ॲलो सेकंडिफ्लोरा या वनस्पतीला एंग्लर यांनी १८९५ मध्ये नाव दिले. केनिया, टांझानिया व इथिओपियाच्या कोरड्या गवताळ आणि झुडुपी प्रदेशांत ती वाढते. खोड नसल्यासारखेच, मांसल, काटेरी कडांची पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात. फुलोऱ्याच्या आडव्या फांद्यांवर सर्व फुले एकाच बाजूस वळलेली असतात; यावरूनच तिला हे नाव मिळाले.

हिचे दोन प्रकार मानले जातात. मूळ प्रकार बहुधा एकेकटा वाढतो. सोबोलिफेरा हा दुसरा प्रकार टांझानियातील असून बुंध्यापासून फुटवे काढून दाट जाळी करतो. त्याचे वर्णन सुसान कार्टर यांनी १९९४ मध्ये केले. हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा आहे. एकट्या वाढणाऱ्या वनस्पतीला पुनरुत्पत्तीसाठी मुख्यतः बीजाचाच आधार असतो. ती ओरबाडली गेल्यास जागा भरून यायला वेळ लागतो.

उपयोग व ऱ्हास

स्थानिक लोकपरंपरेत हिच्या पानांचा रस ज्वरादी विकारांवर वापरतात. कोंबड्यांच्या रोगांवर पाने पिण्याच्या पाण्यात टाकतात. व्यापारासाठी मात्र पाने कापून त्यांतून पाझरणारा पिवळा रस गोळा करतात व आटवून त्याचे कडू, काळे घन करतात. रानातील तोड इतकी वाढली की १९८६ मध्ये केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी वन्य कोरफडीच्या तोडीवर बंदी घातली. लागवडीतून रस घेण्यास वाव ठेवला गेला; २००७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियमही झाले.

आपले कर्तव्य

आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार कन्यासार म्हणजे आपल्या कोरफडीच्या पानांचा वाळवलेला रस होय. ॲलोइन हे भेदन द्रव्य मात्र सेकंडिफ्लोरातही असते. म्हणून कडूपणा, रंग किंवा केवळ ॲलोइनची उपस्थिती हा द्रव्यनिश्चितीचा पुरावा नव्हे. दोन्ही वनस्पती एका कुळाच्या असल्या, तरी एकीचा रस दुसरीच्या नावाने देणे ही भेसळच ठरते.

शिवाय कोरफड वगळता ॲलो वंशातील जाती साइटिस कराराच्या परिशिष्टांत आहेत. सेकंडिफ्लोरा परिशिष्ट २ मध्ये येते. तिचा रस आयात करताना निर्यातदार देशाचा परवाना लागतो. २०२२ च्या सुधारणेने भारताच्या वन्यजीव कायद्यातही साइटिसच्या सूचीचा समावेश झाला आहे.

औषधनिर्मात्यांना आमची विनंती आहे की, काळा बोळ घेताना देयकावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव व उगमस्थान लिहून मागावे. माल आयात असल्यास परवान्याची प्रत पाहावी. शक्य असेल तेथे ओळखीच्या शेतातील कोरफडीपासून कन्यासार स्वतःच सिद्ध करावा. वैद्यबंधूंनीही औषधनिर्मात्याला हा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. रुग्ण आपल्या शब्दावर वटी घेतो. त्या वटीत काय आहे, हे आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे.