मार्क आले, पण चुकलं कुठे?

रिझल्ट लागला की आधी ग्रुपवर लिंक येते. मग साईट हँग होते. मग कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतं आणि 'निघाला', 'राहिला', 'वाचलो बाबा' सुरू होतं. खामगाव असो, चिखली असो की लोणार, सीन सगळीकडे सारखाच. या गडबडीत एक प्रश्न मात्र राहून जातो. ज्याला ८० पैकी ३१ पडले, त्याचे बाकीचे ४९ गेले कुठे?

आपला जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात येतो. बुलडाण्याहून अमरावती जवळपास दोनशे किलोमीटर. कोणतं उत्तर अर्धवट वाटलं, हे विचारायला तिथवर कोण जाणार? विषय राहिला की पुन्हा फॉर्म, पुन्हा फी, पुन्हा तोच पेपर. आणि चूक कळलीच नसेल, तर पुन्हा तीच चूक.

आता तपासणी डिजिटल होतेय, मग हा प्रश्न सुटेल असं वाटतं. पण तो आपोआप सुटत नाही.

मुंबईत काय झालं?

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांचे पेपर स्क्रीनवर तपासायचं ठरवलं. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांनी त्या कॉम्प्युटरवर वाचायच्या, प्रश्नागणिक मार्क भरायचे, बेरीज मशीन करणार. कल्पना चांगलीच होती. बेरजेची चूक टळते, गठ्ठे इकडून तिकडे न्यावे लागत नाहीत. पण तयारी अपुरी पडली आणि पेपर होते सुमारे १७ लाख! राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली. पुढच्या प्रवेशासाठी थांबलेली मुलं लटकली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आलं.

तेव्हा सगळी चर्चा उशिराची झाली. पण समजा सगळं वेळेत पार पडलं असतं, तरी मुलांच्या हाती काय आलं असतं? एक आकडा. फक्त जरा लवकर.

आकडा की शेरा?

इस्रायलमधल्या संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. एका गटाला फक्त मार्क दिले, दुसऱ्याला फक्त शेरा, तिसऱ्याला दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांमध्ये. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा विशेष फायदा झालाच नाही. आकडा दिसला की शेऱ्याकडे लक्ष कुठे जातं?

आपलंही तेच होतं ना! गुगल फॉर्मवर टेस्ट दिली, सबमिट केलं, २० पैकी १३ दिसले, टॅब बंद. खरं तर त्याच फॉर्ममध्ये प्रत्येक प्रश्नाला 'उत्तर चुकलं तर हे वाच' अशी सूचना जोडायची सोय असते. गुगल क्लासरूममध्ये सरांना एकेका विद्यार्थ्याला खासगी कमेंट लिहिता येते. कशाला किती मार्क, याचा तक्ताही आधीच देता येतो. म्हणजे सोय आहे, ती वापरायला हवी. अर्थात, एका वर्गात शंभर पोरं असतील तर मॅडमनी प्रत्येकाला परिच्छेदभर लिहावं, ही अपेक्षा चुकीची आहे. पण सगळ्यांच्या तीन कॉमन चुका एका व्हॉइस नोटमध्ये सांगायला पाच मिनिटं पुरतात.

कॉलेजातली टेस्ट आता हलक्यात घेऊन चालणारही नाही. २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांपर्यंत आलंय आणि अंतर्गत मूल्यमापनाला त्यात महत्त्व आहे. विद्यापीठाचा परीक्षक आपल्याला कधी भेटत नाही. टेस्ट तपासणारे सर मात्र रोज समोर असतात.

मागितलं तर मिळतं

विद्यापीठाच्या पेपरचं काय? ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकार कायद्याखाली विद्यार्थ्याला आहे. झेरॉक्स मागायची म्हटलं की आपल्याकडे 'पुनर्मूल्यांकनात मार्क वाढतील का?' एवढंच डोक्यात असतं. पण मार्क वाढोत न वाढोत, ती उत्तरपत्रिका घेऊन आपल्याच सरांकडे बसलं तर अर्ध्या तासात कळतं की सूत्र बरोबर होतं पण पायऱ्या गाळल्या, की पाच मार्कांच्या उत्तराला दोनच मुद्दे लिहिले. आणि पेपर स्कॅन झालेला असेल, तर ती प्रत ऑनलाइन देणंही सोपं आहे. विद्यापीठांकडे आपण मागायला हवं ते हे.

तेव्हा पुढच्या टेस्टनंतर 'सर, किती पडले?' याच्यासोबत आणखी एक प्रश्न विचारून बघा: 'सर, पूर्ण मार्क मिळायला अजून काय लिहायला हवं होतं?' यासाठी कुठलंही ॲप डाउनलोड करावं लागत नाही. आणि दहा जणांनी विचारलं, तर पुढच्या फॉर्ममध्ये त्याचं उत्तर आधीच लिहिलेलं येण्याची शक्यता बरीच वाढते.