चांदीचं चित्र आणि जिलेटिनची पकड

काचेवरच्या जुन्या छायाचित्रांचं कौतुक करताना सगळे चांदीकडे पाहतात. मला मात्र निम्मं श्रेय जिलेटिनला द्यावंसं वाटतं. सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम ब्रोमाइड नुसत्या पाण्यात एकत्र केले, तर प्रकाशाला संवेदनशील असलेलं सिल्व्हर ब्रोमाइड तळाशी बसतं. कोमट जिलेटिनमध्ये तेच कण तरंगत राहतात. हेच इमल्शन.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांच्या १८५१च्या कलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच फोटो घेऊन धुवावा लागे, म्हणून छायाचित्रकार तंबूसकट हिंडत. १८७१मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी जिलेटिनची कोरडी काच सुचवली. १८७८मध्ये चार्ल्स बेनेट यांनी इमल्शन कित्येक दिवस उबेत ठेवलं आणि त्याची संवेदनशीलता कैक पटींनी वाढली. पण एका घाण्याचं इमल्शन तेज, तर दुसऱ्याचं मंद, असं का होई? कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२५च्या सुमारास उलगडा केला: जिलेटिनमध्ये मोहरीच्या तिखटपणाशी नातं असलेली गंधकाची संयुगं अत्यल्प प्रमाणात असतात आणि ती चांदीच्या कणांना तेज करतात. जनावरांच्या चाऱ्यातून ती हाडाकातड्यांत उतरलेली!

सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल दुर्बिणी घेऊन आले, तेव्हा कोरड्या काचा सर्रास मिळत होत्या. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. इतक्यात ओली काच तयार करायला वेळ कुठला?

आज हाताने काच लेपायची, तर धुण्याच्या सोड्याने ती इतकी स्वच्छ करावी लागते की पाण्याचे थेंब न धरता सलग पापुद्रा पसरावा. मग जिलेटिन आणि क्रोम तुरटीचा पातळ हात देऊन ती वाळवायची. पुढचं काम लाल दिव्यात. चाळीसेक अंश सेल्सियसला वितळलेलं इमल्शन मध्यभागी ओतायचं, काच कलती करत चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचं, जास्तीचं एका कोपऱ्यातून निथळवायचं आणि काच थंड, सपाट फरशीवर ठेवायची. तुरटीचा हात चुकवला, तर धुताना जिलेटिन फुगतं, कडा सुटतात आणि अख्खं चित्र चुण्या पडून तरंगू लागतं. आपल्या उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात तर हमखास. कागदाला हा त्रास नाही. त्याचे तंतू जिलेटिनला घट्ट धरतात. जाड जलरंगाच्या कागदावर मऊ, रुंद कुंचला पुरतो.

चिनी मातीची झिलई काचेसारखीच वागते. बिनझिलईचं भांडं वेगळाच हट्ट धरतं: ते हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, पिऊन घेतं आणि छिद्रांत उरलेला हायपो पुढे चित्र पिवळं पाडतो. म्हणून आधी पॉलियुरेथेन वार्निशचा हात द्यावा. असं भांडं शोभेचंच. ते भट्टीत घातलं, तर जिलेटिन जळून जातं आणि त्याबरोबर चित्रही. फ्रान्सच्या लाफों द कामारसाक यांनी १८५४मध्येच भट्टीत टिकणाऱ्या छायाचित्रांचं पेटंट घेतलं, पण त्या प्रतिमा भाजून पक्क्या होणाऱ्या खनिज रंगांच्या होत्या. थडग्यांवरच्या पोर्सिलेनच्या तसबिरी उन्हापावसात टिकतात, त्या याच घराण्यातल्या.