वायुलेसर : वीस मजले चढणे आणि दोन मजले उतरणे

बाजारपेठेतील निऑनच्या पाटीत आणि वायुलेसरमध्ये वरकरणी फारसा फरक नाही. दोहोंत काचेची नळी, नळीत विरळ वायू आणि वायूतून वाहणारी वीज. परंतु पाटीतील प्रत्येक उत्तेजित अणू मन मानेल तेव्हा, वाटेल त्या दिशेस प्रकाश टाकतो. लेसरमध्ये मात्र एका अणूतून निघालेला प्रकाश दुसऱ्या उत्तेजित अणूस अगदी आपल्यासारखाच, त्याच दिशेचा आणि पावलास पाऊल जुळलेला प्रकाश सोडण्यास भाग पाडतो. या उद्दीपित उत्सर्जनाची कल्पना आइन्स्टाइन यांनी १९१६ साली मांडली होती. त्यासाठी वरच्या ऊर्जापातळीवरील अणू खालच्या पातळीवरील अणूंहून संख्येने अधिक असावे लागतात. एरवी स्थिती नेमकी उलट असते.

१९६० च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत अली जावान, विल्यम बेनेट आणि डोनाल्ड हेरियट यांनी ही अट हीलियम व निऑन यांच्या मिश्रणात पुरी केली. विजेचे इलेक्ट्रॉन प्रामुख्याने हीलियमच्या अणूंस धडकतात. हीलियम ती ऊर्जा काही काळ धरून ठेवतो आणि टक्कर होताच निऑनला देऊन टाकतो, कारण दोघांच्या त्या पातळ्या जवळजवळ समान उंचीच्या आहेत. नळीच्या दोन टोकांच्या आरशांमध्ये प्रकाश येरझारा घालीत वाढतो. एका आरशातून त्याचा अल्प अंश बाहेर पडतो. पहिला किरण अवरक्त होता. परिचित तांबडा किरण १९६२ मध्ये मिळाला.

हा किरण अत्यंत शुद्ध रंगाचा आणि सरळ असतो, म्हणून मोजमापास उत्तम. पण काही वॉट वीज खर्चावी तेव्हा एक मिलिवॉट प्रकाश हाती येतो. निऑनला सुमारे वीस मजले चढवायचे आणि प्रकाशासाठी केवळ दोन मजले उतरू द्यायचे, असा हा व्यवहार! उरलेले मजले तो लेसरच्या उपयोगी न पडता उतरतो. शेवटचा टप्पा तर नळीच्या भिंतीवर आदळूनच उतरावा लागतो, त्यामुळे नळी अरुंद ठेवावी लागते आणि ती रुंद करून शक्ती वाढविण्याचा मार्गही खुंटतो.

यावर तोड काढली बारामतीत १९३८ साली जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले चंद्रकुमार पटेल यांनी. बेल प्रयोगशाळेत काम करीत असता १९६४ मध्ये त्यांनी अणूऐवजी कार्बन डाय-ऑक्साइडचा रेणू निवडला. रेणूच्या कंपनांच्या पातळ्या जमिनीलगत असतात; येथे चढलेल्या उंचीपैकी सुमारे चाळीस टक्के प्रकाशासाठी वापरता येते. आरंभीचा किरण क्षीण होता. नायट्रोजन मिसळला तेव्हा त्याने ऊर्जा पुरविण्याचे काम पत्करले. हीलियमने उष्णता वाहून नेऊन खालची पातळी मोकळी ठेवली. एक-दोन वर्षांतच शक्ती शंभर वॉटच्या पुढे गेली. दिलेल्या विजेचा दहा ते वीस टक्के भाग प्रकाशरूपाने परत मिळू लागला, आणि ही वायुलेसरच्या जगात मोठीच मजल होती.

या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. पाणी तो तत्काळ शोषते, म्हणून शल्यविशारदास पाण्याने भरलेल्या ऊती थरथराने काढता येतात आणि छेद घेतानाच लहान रक्तवाहिन्या बंद होतात. पण गुणाबरोबर अडचणही आली. साधी काच या किरणास अपारदर्शक आहे, तेव्हा भिंगे झिंक सेलेनाइडसारख्या महाग पदार्थांची लागतात. नेहमीच्या काचतंतूतून तो जात नाही. आरसे बसविलेल्या सांध्यांच्या भुजेतून न्यावा लागतो. चकचकीत धातू त्याचा बराच भाग परतवितात. शिवाय उच्च दाबाची वीज आणि सततचे शीतन आवश्यक, कारण वायू तापला की खालची पातळी भरून लेसर मंदावतो. धातू कापण्याच्या कारखान्यांत एकविसाव्या शतकात तंतुलेसरने त्यास पुष्कळसे मागे सारले. लाकूड, कापड, प्लॅस्टिक यांच्या कामात मात्र तो टिकून आहे.

सर्वांत मोठा धोका असा की हा किरण दिसत नाही. डोळ्यावर पडल्यास बुबुळावरील पारदर्शक पटल भाजते. म्हणून त्याच्याच वाटेने एक मंद तांबडा किरण सोडतात, जेणेकरून शल्यविशारदास नेम कळावा. पूर्वी हे काम हीलियम-निऑनची नळी करी. आता बहुधा बोटाच्या पेराएवढा अर्धसंवाहक लेसर करतो.