रानाच्या धुऱ्यावर

बाबा गेले तेव्हा नव्वदीत होते. तेरवीला माणसं जमली. ज्याला त्याला आपली आठवण सांगायची होती. कुणाला त्यांनी पाढे शिकवलेले, कुणाच्या मुलीच्या शाळेचं नाव घालवू दिलं नव्हतं. एक म्हातारा गुराखी बराच वेळ ओट्याखाली उभा होता. शेवटी म्हणाला, ''गुरुजीनं माह्या गाईचे पैसे मिळवून देले.'' एवढंच बोलून तो पंगतीत जाऊन बसला.

आमचं हिंगणी वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. गाव ओलांडलं की रस्ता बोर धरणाकडे जातो आणि सागाचं रान सुरू होतं. 1970 साली या रानाचं अभयारण्य झालं, 2014 मध्ये व्याघ्रप्रकल्प. जेमतेम 138 चौरस किलोमीटरचा, देशातल्या सर्वांत लहान प्रकल्पांपैकी एक. पाहुण्यांना त्याचं कौतुक वाटतं. पण जंगल लहान असलं की त्याची कड कुणाच्या तरी वावराला लागतेच, आणि वाघाला ती कड दिसत नाही.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. तरुणपणी वर्ध्याला शिकताना सुट्टीच्या दिवशी ते दत्तपूरला जात. मनोहर दिवाणांनी 1936 साली तिथं कुष्ठरोग्यांसाठी काम उभं केलं होतं. बाबा तिथं विशेष काही करत नसत. पाणी भरायचे, पत्रं लिहून द्यायचे. दुसऱ्यासाठी कागद लिहायची सवय तिथली असावी. पुढे आमच्या ओट्यावर ते हेच करत. वाघानं जनावर मारलं, तर भरपाईसाठी अठ्ठेचाळीस तासांच्या आत वनखात्याला कळवावं लागतं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नसतं. गरीब माणूस घाबरून नेमकं तेच करतो, ओढत नेऊन पुरून टाकतो. बाबा सायकलवर टांग टाकून आधी तिथं पोचत आणि जनावरापाशी बसून राहत. मी लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. वास सहन होईना. बाबा मात्र नाकाला उपरणं लावून मला चिखलातला पंजाचा ठसा दाखवत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, कसं सांगू, आनंद होता.

रान हा त्यांचा खरा संसार होता, असं आई म्हणायची, आणि ती थट्टा नव्हती. रविवार उजाडला की ते पसार. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजायला मचाणावर बसायचं, ते ऐंशी ओलांडेपर्यंत कधी चुकलं नाही. आमच्या मुंजी-लग्नांच्या तारखासुद्धा ती पौर्णिमा टाळून निघत. शाळेतली पोरं, नागपूरचे पक्षी बघणारे, कुणाचेही कुणी घरी उतरत, आणि आई चुलीपुढे. बाबांच्या समाजसेवेतला निम्मा स्वयंपाक तिनं केला. सत्कार झाला तेव्हा नारळ एकच होता.

मी या सगळ्यातून लवकर निसटलो. बँकेत लागलो, बदल्यांच्या गावी राहिलो, रात्री कादंबऱ्या लिहिल्या. शेती धाकट्या भावाकडे आली. 2008 ची कर्जमाफी आली तेव्हा मी शाखेत बसून याद्या करत होतो. पाच एकरांपर्यंत सगळं माफ; त्यावर जमीन असेल तर आधी पंचाहत्तर टक्के भरा, मग उरलेलं माफ. आमची कोरडवाहू सात एकर. भावाला मी फोनवर नियम समजावून सांगितला. तो शांतपणे म्हणाला, ''दादा, कर्जाचं जाऊ द्या. डुकरानं खाल्लेलं वावर कोन वापस करते?''

बाबा त्याच डुकरांच्या खुरांचे माग पाहून खूश व्हायचे. एकाच घरात जेवायला बसलेली ही दोन माणसं. भाऊ त्यांना कधी उलटून बोलला नाही, पण रोह्यांनी पऱ्हाटी तुडवलेल्या सकाळी ताट घेऊन परसात जाऊन बसे. बाबांनी परक्यांचे शेकडो अर्ज लिहिले, स्वतःच्या पिकाचा एकही नाही. ''मी रानाचं खाल्लं आहे,'' म्हणायचे. मला त्या वाक्याचा अभिमान वाटायचा. आता वाटत नाही. खाल्लं त्यांनी, पण फेडलं भावानं.

2017 च्या डिसेंबरात बोरचा बाजीराव नावाचा वाघ बाजारगावजवळ महामार्गावर वाहनाखाली सापडून मेला. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. त्यांच्यासाठी दूध गरम करून नेलं ते भावानंच.

तेरवीनंतर मी आठ दिवस राहिलो. तूर शेंगांवर होती. एका रात्री भावाबरोबर जागलीला माळ्यावर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा, साठी उलटल्यावर. थंडी हाडात शिरत होती. तो दर अर्ध्या तासानं काठीनं डबा बडवी, बॅटरी फिरवी, पुन्हा घोंगडी ओढून घेई. तीनच्या सुमारास नाल्याकडून सांबर ओरडलं. थोड्या वेळानं पुन्हा, जरा जवळून. भावानं कान दिला आणि हातातली काठी खाली ठेवली.

''वाघ असन,'' तो म्हणाला. ''आता डुकरं येत नाही. झोपा दादा.''