माशी आणि मासा

गळ टाकून मासे धरणें हा आमच्या बहुतेक वाचकांच्या घरचा छंद नव्हे, आणि तो त्यांनीं जोडावा असा आमचा आग्रहही नाहीं. परंतु इंग्लंडांतील हॅम्पशायर परगण्यांतून वाहणाऱ्या टेस्ट नदीच्या कांठीं ह्या छंदाला सृष्टिनिरीक्षणाच्या शास्त्राचें रूप आलें आहे. त्याची थोडी ओळख करून घेण्यास कोणाची हरकत नसावी.

ह्या नदीचा उगम खडूच्या खडकांत आहे. हिवाळ्यांतील पाऊस त्या खडकांत मुरतो आणि झऱ्यांवाटें सावकाश बाहेर येतो. त्यामुळें झऱ्यांचें पाणी बारा महिने निर्मळ व सुमारें १० अंश सेल्सिअस इतकें थंड असतें. ट्राउट माशाला असेंच पाणी मानवतें.

नदीच्या तळच्या गाळांत मेफ्लाय नांवाच्या कीटकाचें पिलूं सुमारें दोन वर्षें दडून असतें. मे महिन्याच्या अखेरीस तें पृष्ठभागावर येऊन कात टाकतें आणि पंख सावरीपर्यंत प्रवाहावर तरंगत राहतें. ट्राउट नेमका हाच क्षण साधतो. त्यांतून वांचलेला कीटक झाडावर जाऊन, पंख फुटल्यावरही, पुन्हां एकदां कात टाकतो. त्याला अन्न खातां येईल असें तोंडच नसतें. सायंकाळीं हवेंत नृत्य, मग मीलन, पाण्यावर अंडीं आणि मृत्यु, एवढेंच त्याचें प्रौढ आयुष्य!

कोणती माशी निघाली आहे हें पाहून छंदी मनुष्य पिसें, केस व रेशीम ह्यांची तशीच माशी गळावर बांधतो. फ्रेडरिक हॅलफर्ड ह्यांनीं १८८६ सालीं ह्या कलेवर ग्रंथ लिहिला. तरंगणारी माशीच काय ती खरी, असा त्यांच्या पंथाचा कटाक्ष. पुढें स्क्यूज ह्यांनीं १९१० च्या आपल्या पुस्तकांत पाण्याखालील माशीचाही पक्ष घेतला, आणि तो वाद कित्येक वर्षें रंगला.

जुलै-ऑगस्टांत दुपारीं मासा सावलींत स्वस्थ असतो. सायंकाळीं लहान माश्या निघूं लागल्या कीं पाण्यावर वर्तुळें उठूं लागतात. परंतु खरी कसोटी ह्याच दिवसांत असते. पाणी तापलें म्हणजे त्यांतील प्राणवायु घटतो. २० अंशांच्या सुमारास ट्राउट कासावीस होतो. अशा वेळीं झुंजवून पुन्हां पाण्यांत सोडलेला मासाही दगावूं शकतो. उन्हाळे आतां अधिक कडक होत आहेत, आणि नळांसाठीं त्याच खडकांतील पाणी उपसलें जातें. त्यामुळें नदीची ही अडचण वाढतच आहे.

म्हणून समंजस मनुष्य सोबत उष्णतामापक ठेवतो, आणि पारा चढलेला दिसला कीं काठी गुंडाळतो. पैसे मोजून नदीवरचा एक दिवस घेतलेला गृहस्थ माशाच्या जिवाकरितां रिकाम्या हातांनीं घरीं परततो, ह्यांतच त्या छंदाची खरी शोभा आहे, असें आम्हांस वाटतें.